घरातली नाणी भट्टीत जाण्याआधी : सातारा-सांगलीकडच्या नव्या नाणेसंग्राहकांसाठी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

दिवाळीची आवराआवर झाली की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, "आजीच्या डब्यात ही नाणी सापडली, किती मिळतील?" आपल्यातली जुनी माणसं एका शब्दात उत्तर देतात, "कॉमन." विचारणारा पुन्हा दिसत नाही. पुढे चांदीचा भाव चढतो आणि तो डबा सराफाच्या तराजूवर रिकामा होतो. मला हे मनापासून लागतं, म्हणून हा धागा काढला.

नवीन माणसाने पैशांचं विचारलं तर त्यात वावगं काही नाही. पण आपण त्याला उलट विचारायला हवं, "हे तुमच्या घरी आलं कुठून?" कुठल्या गावचं, कुणाच्या पेटीतलं, सोबत आणखी काय होतं? नाण्यावरचं साल आणि राजाचं नाव कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळतं. ते आपल्या घरात कसं पोचलं हे फक्त त्या घरातली वडीलधारी माणसं सांगू शकतात, आणि ती माणसं कायमची पुरणार नाहीत.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. शक राजा क्षत्रप नहपानाची १३,००० हून जास्त नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. सातकर्णीने नहपानाला हरवून त्याचाच पैसा स्वतःच्या नावाने चालवला, हे तो ढीग एकत्र बघायला मिळाला म्हणून इतकं ठसठशीत कळलं. तीच नाणी एकेक करून सराफांकडे गेली असती तर हाती चांदीच्या विटा उरल्या असत्या.

आता आपल्याकडे या. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८ साली झाला आणि साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं. या सगळ्या काळात शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, बाजारात फिरत होती. त्यानंतर व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले राणीछाप रुपये, आणे, पै, भोकाचा पैसा. कराड, वाई, मिरज, तासगाव ही जुन्या बाजाराची गावं. इथल्या वाड्यांत, माळ्यांवर, धान्याच्या कणग्यांखाली काय काय पडलेलं आहे याची मोजदाद कुणी केलेली नाही. ती आपणच करू शकतो, आणि त्यासाठी नवीन माणसं हवीत.

तेव्हा ज्यांना काहीच येत नाही त्यांनीच आधी लिहा. जाणकारांना विनंती, उत्तर देताना "कॉमन" हा शब्द या धाग्यावर नको.

द्राक्षवेल

मी तासगावची. काहीच येत नाही, म्हणून पहिला नंबर माझा.

आमच्या देवघरात कलशात सुपारीबरोबर एक तांब्याचा जाड पैसा असतो. आजी म्हणते तिच्या सासूबाईंच्या आधीपासून आहे. एका बाजूला देवनागरी अक्षरं आहेत, वरचं "श्री" नीट वाचता येतं, खाली "राजा" असावं, तिसरी ओळ काठावर तुटली आहे. मागे "छत्र" दिसतं आणि त्याखाली आडव्या रेघा. प्रत्येक पूजेला चिंच लावून घासतात. तुम्हाला फोटो नीट दिसावा म्हणून अजून एकदा पितांबरीने चकचकीत करू का?

दुदांडी

ताई, आधी पितांबरी बाजूला ठेवा.

ही शिवराई आहे. तिसऱ्या ओळीत "शिव" असणार, म्हणजे पूर्ण मजकूर "श्री राजा शिव", आणि मागे "छत्र पति". कडेने ठिपक्यांचं वर्तुळ असतं, पण ते पूर्ण उमटलेलं क्वचितच दिसतं. ही नाणी हातोड्याने पाडायची. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वरून दुसरा ठसा आणि घाव. चकती ठशापेक्षा लहान असायची, त्यामुळे अक्षरं काठाबाहेर जायची. तुमची तिसरी ओळ तुटली आहे ती झिजून नसेल, ती उमटलीच नसण्याची शक्यता जास्त.

"छत्र" आणि "पति" यांच्यामध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतील तर तिला दुदांडी शिवराई म्हणतात. ती उत्तर मराठेशाहीतली. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पाडली गेली, वेगवेगळ्या टांकसाळींत, आणि बहुतेक नाण्यांवर नाव मात्र शेवटपर्यंत शिवाजी महाराजांचंच राहिलं. म्हणून हातात येणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या हयातीनंतरची असते. यात हिरमुसण्यासारखं काही नाही. राजा गेल्यावर इतकी वर्षं त्याच्याच नावाचा पैसा चालावा, ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते.

आता घासण्याबद्दल. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो तपकिरी, काळसर थर बसतो तो नाण्याचं रक्षण करतो. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही लावलं की तो थर जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि उघडी पडलेली धातू पुन्हा डागाळते. माती असेल तर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, मऊ कापडाने टिपून घ्या, पूर्ण वाळू द्या. त्यापुढे काही करू नका.

द्राक्षवेल

रेघा दोन आहेत, आत्ताच बघितल्या!

पण एक अडचण आहे. तो पैसा कलशातून काढायचा म्हटलं तर आजीला चालणार नाही. तो पूजेतलाच आहे तिच्या दृष्टीने.

कृष्णाकाठ

मग काढू नका. नाणं आजीचं आहे. तिला एवढंच विचारून बघा की पूजा झाल्यावर तो पुसून कोरडा ठेवला आणि चिंच बंद केली तर चालेल का. नाही म्हणाली तरी हरकत नाही. तुम्ही त्याचं वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि आजी जे सांगते ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा. संग्रह म्हणजे नाणं ताब्यात घेणं असं मी मानत नाही.

विट्याकडचा

धागा बघून राहवलं न्हाई म्हणून लिहितोय.

आमचा धंदा गलाईचा. खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली हजारो घरं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरलेली हायत, केरळपासून दिल्लीपर्यंत. मी लहानपणी वडिलांबरोबर भट्टीवर बसायचो. सराफाकडनं माल यायचा त्यात तुटके पैंजण, वाळे, करंड्या आणि त्याच्यात राणीछाप रुपये. मुशीत टाकायचं, टाकणखार मारायचा, रस झाला की ओतायचं. कुणाचं नाव, कुठलं साल, कोण बघतंय?

हिशेब सरळ हाय. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध. सराफाला ह्यो आकडा तोंडपाठ असतो. १९४० पासून निम्मीच चांदी, आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, त्यो भट्टीवर कुणी आणत न्हाई. म्हणून १९४७ चा रुपया घरोघरी शिल्लक राहतो आणि त्याच्या आधीचा जातो.

मी आता येणाऱ्या मालातले रुपये आधी बाजूला काढतो. साल बघतो, वहीत लिहितो, सराफाला विचारतो कुठल्या गावचं गिऱ्हाईक होतं. नाव नको, गाव सांग म्हणतो. काही सराफ सांगतात. ज्यांना पाहिजे त्यांना चांदीच्या भावानं देतो, वर काही घेत न्हाई. आमच्या गलाईवाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर एवढं करा. मुशीत टाकायच्या आधी एकदा पालथं करून बघा. लई वेळ लागत न्हाई.

कृष्णाकाठ

दादा, तुमची वही हे या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. तिची पानं फोटो काढून जपून ठेवा, एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

दुदांडी

विट्याकडच्या दादांच्या निमित्ताने राणीछापबद्दल एक गोष्ट, कारण नवीन लोक इथे फसतात. १८४० आणि १८६२ ही दोन सालं फार दिसतात. १८४० चा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया पुढे १८६२ पर्यंत त्याच सालाने पाडला गेला, आणि १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत. मुंबई टांकसाळीच्या १८६२ च्या रुपयांवर बारीक ठिपके असतात, ते मोजून खरं साल कुठलं असावं याचा अंदाज अभ्यासकांनी बांधला आहे. भिंग घ्या आणि ठिपके मोजत बसा. एका सालाच्या रुपयात किती प्रकार निघतात ते बघून तुम्हीच थक्क व्हाल. १८७७ पासून "क्वीन" जाऊन "एम्प्रेस" आलं.

घरात १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया निघाला तर तो वेगळा ठेवा. राजाच्या अंगरख्यावर जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला. सोंडेकडे बघितलं की फरक कळतो.

रुपयाला कडी डाकलेली असेल, लहान मुलाच्या गळ्यात घालायला, तर बाजारात त्याला किंमत येत नाही हे खरं. पण ती कडी काढायला सोनाराकडे नेऊ नका. कुणाच्या गळ्यात होता ते विचारा.

सांगलीकर_७

सगळं छान आहे, पण शिवराई आणि राणीछाप ज्यांच्या घरी आहेत त्यांचं झालं. माझे आईवडील हळदीच्या पेठेत हमाली करायचे, आमच्याकडे वाडा नाही, माळा नाही. २०१९ च्या पुरात होतं तेही गेलं. हा छंद पैसेवाल्यांचाच वाटतो मला.

कृष्णाकाठ

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी नुसता धीर देऊन सोडणार नाही.

खिशातली सुटी नाणी काढा. सालाच्या खाली खूण बघा. पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाची टांकसाळ १९८८ ला सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावर तिची खूण मिळणार नाही. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी "एच" अक्षर असतं, ते आपल्याकडे पाडलेच नाहीत, बर्मिंगहॅममध्ये पाडून आणले. आता एक रुपया घ्या आणि प्रत्येक सालाचा, प्रत्येक टांकसाळीचा एकेक जमवायला लागा. खर्च म्हणाल तर नाण्यावर जेवढा आकडा आहे तेवढाच. मी ओळखतो त्यांतल्या उत्तम संग्राहकांपैकी एक जण एसटीत कंडक्टर होते, आणि त्यांचा सगळा संग्रह स्वतःचे पैसे टाकून तिकिटाच्या सुट्ट्यांतून बदलून घेतलेला आहे.

१९९९ चे शिवाजी महाराजांचे दोन रुपये आणि त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, हे अजून बाजारात हाताला लागतात. दहाच्या नाण्यांचं तर फारच सोपं. काही दुकानदार ती घेत नाहीत म्हणून लोक वैतागलेले असतात. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तेव्हा चलनात असलेल्या १४ च्या १४ रचना वैध आहेत. त्या चौदाही जमवून बघा. दुकानदाराला दाखवायलाही उपयोगी पडतील.

आणि पुरात गेलेल्या वस्तूंमध्ये काही नाणी होती का? असतील तर कुठली, हे आईला विचारून लिहून ठेवा. वस्तू गेली तरी नोंद राहते.

जतचा_मास्तर

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. अपूर्णांक शिकवताना जुनी नाणी वापरतो, म्हणून लिहितो.

रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. चवली दोन आण्यांची, पावली चार, अधेली आठ. मुलांना चवली-पावली हातात दिली की पाव-अर्धा-पाऊण फळ्यावर काढायची गरज उरत नाही. मग १ एप्रिल १९५७ ची गोष्ट सांगतो. त्या दिवशी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि दोन्ही नाणी काही काळ बरोबरच चालली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि सव्वासहाचं नाणं नाही. मग तीन आण्यांची भाजी घेतली तर किती द्यायचे? पोरं तासभर भांडतात. भांडता भांडता भागाकार येतो.

नाण्यांवरचा "नवा" शब्द १९६४ ला गेला. मुलांना घरून नाणी आणायला सांगू नका, हरवतात आणि घरी बोलणी बसतात. त्याऐवजी वहीत पेन्सिलने ठसा घेऊन आणायला सांगा. नाण्यावर कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून घासायची. दोन्ही बाजू कागदावर उतरतात. सोबत आजी-आजोबांनी सांगितलेली एक ओळ लिहायची. माझ्याकडे अशा कागदांचा गठ्ठा आहे आणि त्यात आटपाडीच्या बाजारात काय किमतीला काय मिळायचं ते सगळं आहे.

फौजीचा_नातू

सातारा तालुक्यातून. आमच्या भागात घरटी एक ट्रंक असते, लष्करातल्या माणसाची. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. पण ट्रंका आसपासच्या सगळ्या गावांत आहेत.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत इटलीची, इजिप्तची आणि पूर्व आफ्रिकेची नाणी आहेत. इटलीची १९४० च्या आसपासची नाणी पोलादाची आहेत, लोहचुंबकाला चिकटतात. आफ्रिकेच्या शिलिंगवर सिंह आहे. विकायला गेलं तर यांना काही येत नाही. पण मी ती सालाप्रमाणे लावली आणि आजोबांच्या सेवापुस्तकाशी ताडून बघितली, तेव्हा ते कुठून कुठे गेले तो रस्ताच समोर आला. घरात कुणालाच इजिप्तचं माहीत नव्हतं. ते कधी बोललेच नव्हते त्याबद्दल.

सैनिकांच्या घरांतल्या लोकांनी परदेशी नाणी "चलत नाहीत" म्हणून टाकू नयेत, एवढंच.

माणदेशी

शेत नांगरताना सापडली तर? आमच्या शिवारात पूर्वी असं झालंय, आणि वाटणीवरून तंटाही झालाय.

दुदांडी

जमिनीत सापडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा होतो आणि सापडणाऱ्याचा हक्कही जातो. कळवलं तर तो हक्क कायद्याने राखलेला आहे, लोकांना हे माहीत नसतं. तलाठ्याकडून तहसीलदाराकडे जा. तोवर नाणी धुवू नका, वाटू नका, आणि ज्या मडक्यात निघाली त्याची खापरंसुद्धा गोळा करून ठेवा.

मेणवली_परदेशात

वाईचं घर विकतो आहोत. वडिलांचे चांदीचे रुपये आणि काही शिवराया अमेरिकेत घेऊन यायच्या आहेत. जमेल ना?

दुदांडी

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. शिवराया आणि राणीछाप इथेच राहू द्या, भावाकडे किंवा बहिणीकडे. घर रिकामं करण्याआधी त्या घरात बसून, जिथे सापडल्या त्या जागेसकट फोटो काढून ठेवा.

सांगलीकर_७

परवाच एकाचा फोन आला. माझ्याकडचं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखाला घेतो म्हणाला. आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणतोय.

कृष्णाकाठ

एक रुपयाही भरू नका. ही उघड फसवणूक आहे. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क, कर, कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. ती असे व्यवहार करत नाही आणि कुणाला तसे अधिकारही देत नाही. वैष्णोदेवीचं नाणं देवस्थान मंडळाच्या पंचविशीनिमित्त काढलेलं आहे आणि ढिगाने पाडलेलं आहे. ते आवडलं म्हणून जरूर ठेवा.

याच जातीचं दुसरं म्हणजे १८१८ साल घातलेलं, कंपनीच्या नावाचं, रामदरबार किंवा हनुमान असलेलं अर्ध्या आण्याचं "नाणं". कंपनीने असं नाणं काढलेलं नाही, तो नंतर बनवलेला टोकन आहे. घरी असेल तर देव्हाऱ्यात राहू द्या, पण त्याच्यासाठी पैसे मोजू नका. आणि आठवडे बाजारात कुणी सोन्याचा शिवकालीन होन दाखवला तर तिथून निघा.

विकत घेतलेल्या रुपयाची खात्री करायची तर छोटा वजनकाटा पुरतो. ११.६६ च्या जवळ हवा, झिजून थोडा कमी चालेल. कड बोटाने फिरवून बघा, चिरा एकसारख्या हव्यात. ओतीव बनावट नाण्याच्या कडेला जोडाची बारीक रेघ दिसते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांची छिद्रं.

द्राक्षवेल

वजन केलं. आजीला विचारलं, तिने चिंच बंद करायला हो म्हटलं, पण पैसा कलशातच राहणार. ती म्हणाली, तिच्या सासूबाईंनी सांगितलं होतं की तो पलूसच्या बाजारातून आला, गूळ विकून. लिहून ठेवलं आहे. आता आईच्या पेटीत भोकाचे पैसे आणि एक-दोन-तीन पैशांची ॲल्युमिनियमची नाणी सापडली आहेत. ती कशात ठेवू? स्टेशनरीच्या दुकानात प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा अल्बम मिळतोय.

दुदांडी

तो अल्बम मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचा असेल तर घेऊ नका. ते पीव्हीसी असतं, काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. नाण्यांच्या विक्रेत्यांकडे पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी मिळतात, मध्ये पारदर्शक खिडकी असते, त्या स्वस्तात येतात. तोवर प्रत्येक नाणं साध्या कोऱ्या कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. कृष्णाकाठच्या दमट हवेत ती पावसाळ्याआधी बदलायची. नाणं नेहमी कडेने धरा.

भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ दरम्यानचे असतात. युद्धात धातू वाचवायला मध्ये भोक पाडलं. सालं बघून कळवा, मग पुढचं सांगतो.

कृष्णाकाठ

पाकिटावर पेन्सिलने लिहा, शाई नको. वर नाणं आणि साल, खाली वजन, मग कुणाकडून, कुठल्या गावातून, कधी. शेवटी सांगणाऱ्या व्यक्तीचं तुमच्याशी नातं. पलूसचा बाजार आणि गूळ हे दोन्ही शब्द शिवराईच्या नोंदीत जसेच्या तसे येऊ द्या.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, १९८० पासून चालू आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जायचं असेल तर यांतलं एक तरी बघाच.

पुढचा कोण? साल वाचता येत नसेल तरी चालेल. उन्हात तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि घरी कुठे सापडलं ते लिहा.